ऐंशीचा आकडा आणि कुपवाडचा सरळ रस्ता : वेग-मोजणीच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

मोटर लावलेल्या सायकलींच्या वेगाचे दावे कितपत खरे, ते मोजून बघायचं. मोजायच्या गाड्या दोन.

पहिली: २६ इंची चाकांची स्टीलची सायकल, फ्रेमच्या त्रिकोणात दोन-स्ट्रोक पेट्रोल किट. खोक्यावर ‘८० सीसी’ छापलंय. हेड गॅस्केट बदलायला इंजिन उघडलंच होतं, म्हणून व्हर्नियर लावला. बोअर (सिलिंडरचा व्यास) ४७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४० मिमी, हिशेब ६९.४ सीसी. याच किटचा ३८ मिमी स्ट्रोकचा प्रकारही मिळतो, तो तर ६६ सीसीच्या आत बसतो. खोकं त्याचंही ऐंशीचंच. म्हणजे फुगवाफुगवी गाडीच्या आधी पुठ्ठ्यावरच सुरू होते. आतले प्राथमिक गिअर २० आणि ८२ दात्यांचे (४.१ पट), बाहेरचं लहान स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १० दाती, मागचं ४४ दाती, चेन ४१५ ची.

दुसरी: मागच्या चाकात ३६ व्होल्ट, २५० वॉटची हब मोटर, दहा सेल सिरीजमध्ये जोडलेली लिथियम बॅटरी, १५ अँपिअरचा कंट्रोलर.

दावे असे. पहिलीबद्दल: “भावा, ऐंशीनं पळती.” दुसरीचे दोन आकडे आहेत, बिलावर २५ आणि दुकानाच्या पायरीवर ४०. बिलावरचा २५ कायद्यासाठी असतो. बॅटरीच्या सायकलीला १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सूट आहे, पण मोटर पाव किलोवॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असेल तरच. पेट्रोलचं म्हणाल तर १९८८ च्या कायद्यात २५ सीसीपर्यंतचं इंजिन लावलेली दोन-तीन चाकी ‘मोटार वाहन’ धरत नाहीत. ६९ सीसी त्यात बसत नाही, त्यामुळे नोंदणीशिवाय ती सार्वजनिक रस्त्यावर काढायची नाही. सगळी मोजणी सांगलीच्या कुपवाडजवळच्या एका खासगी आवारातल्या डांबरी रस्त्यावर, मालकाला विचारून, शक्यतो रविवारी सकाळी.

७ जानेवारी

गाडी न हलवता कागदावर हिशेब.

वेग (ताशी किमी) = इंजिनचे आरपीएम (मिनिटाचे फेरे) × चाकाचा परिघ (मीटर) × ०.०६ ÷ (४.१ × मागचे दाते ÷ पुढचे दाते)

परिघ तूर्त कोष्टकातला धरला, २.०५ मीटर. ४४ दात्यांवर ताशी ८० किमीला इंजिन ११,७०० च्या आसपास फिरायला हवं. ३६ दाती लावलं तरी ९,६००. फॅक्टरीतून आलेलं हे इंजिन सहा-साडेसहा हजारांवर धापा टाकतं. एक्झॉस्टचा पाइप बारीक, पोर्टची वेळ सौम्य, कार्बोरेटर लहान. ६,००० ला ४१ किमी येतात.

दुसऱ्या बाजूने ताकदीचा हिशेब. स्वार आणि गाडी मिळून १०५ किलो, ताठ बसलेला स्वार, सांगलीची साडेपाचशे मीटर उंचीवरची जराशी विरळ हवा. सपाटीवर ४० ला चाकावर ५७० वॉट लागतात, ५० ला १,०३०, ६० ला १,७०० आणि ८० ला ३,८५०. शेवटचा आकडा म्हणजे पाच अश्वशक्तीच्या वर, तोही चाकावर. कागदावर दोन-अडीच अश्वशक्ती सांगणाऱ्या इंजिनकडून हे निघणार नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा खर्च आठपट होतो, दावा करताना नेमकं हेच निसटतं.

दाते मोजायला पाच मिनिटं लागतात. समोरच्याने आकडा सांगितला की पहिला प्रश्न ‘मागे किती दाती?’ हाच.

१० जानेवारी

पहिली कच्ची धाव, संध्याकाळी, वायरवाला सायकल मीटर. कमाल ४७.१.

(दुरुस्ती, १६ फेब्रुवारी: हा आकडा रद्द. मीटर चुकीच्या परिघावर होता, धाव एकाच दिशेची होती आणि वारा पाठीशी. नोंद खोडलेली नाही, कारण चूक कशी झाली ते दिसायला हवं.)

१२ जानेवारी

परिघ प्रत्यक्ष मोजला. दोन्ही टायरात ४० पीएसआय हवा, वॉल्व्ह बरोबर खाली, जमिनीवर खडूची रेघ, स्वार सीटवर. स्वार बसवायचाच, कारण वजनाने टायर दबतो आणि परिघ कमी होतो. दोघांनी गाडी धरून सरळ ढकलली, चाकाचे तीन फेरे, पुन्हा रेघ. अंतर ६.११ मीटर, म्हणजे परिघ २.०३७.

मीटरमध्ये परिघ २१५५ मिमी सापडला. हा मीटर आधी ७०० च्या चाकाच्या सायकलीवर होता, आकडा तिथलाच राहिला. फरक ५.८ टक्के. म्हणजे १० तारखेचे ४७.१ प्रत्यक्षात ४४.५.

आता ४४ दात्यांवर इंजिनच्या दर हजार फेऱ्यांना ६.७७ किमी वेग. हा आकडा तेलाच्या रंगाने टाकीच्या खाली लिहून ठेवला.

१९ जानेवारी

बिनवायरचा मीटर लावून पाहिला. गाडी स्टँडवर, पुढचं चाक स्थिर, इंजिन चालू, रेस दिली. मीटर ८८.६. चाक हललंच नव्हतं.

कारण साधं आहे. स्वस्त बिनवायरचे मीटर सेन्सरचा बारीकसा रेडिओ ठोका ऐकतात, आणि सीडीआयची (इंजिनच्या ठिणगी पाडणाऱ्या सर्किटची) ठिणगी त्याच्यापेक्षा कितीतरी जोरात ‘बोलते’. प्रत्येक ठिणगीला मीटर चाकाचा फेरा समजतो. असल्या मीटरमधला ‘मॅक्स’ आकडा कधीच धरू नये. प्लगवर ५ किलो-ओहमची रेझिस्टर कॅप घातल्यावर उड्या कमी झाल्या, गेल्या नाहीत. मीटर काढून ठेवला.

२२ जानेवारी

ऐंशीचा उगम बहुधा सापडला.

प्लगच्या वायरला गुंडाळायचा टॅको (इंजिनचे फेरे मोजणारा मीटर) बसवला. पूर्ण थ्रॉटलला १२,२०० दाखवलं. वरच्या सूत्रात घातलं की जवळपास ८३ किमी येतात. हिशेब अगदी बरोबर, फक्त टॅको चार-स्ट्रोकच्या सेटिंगवर होता, दोन फेऱ्यांना एक ठिणगी. आपल्या इंजिनात मॅग्नेटो दर फेऱ्याला एक ठिणगी देतो, त्यामुळे आकडा बरोबर दुप्पट. सेटिंग बदलल्यावर ६,१००.

म्हणजे ‘ऐंशी’ म्हणणारा थाप मारत होता असं नाही. त्याने मीटर पाहिला, गुणाकारही केला. फक्त हे इंजिन बारा हजारांवर टिकेल का, हा प्रश्न विचारला नाही. आमच्या १० तारखेच्या ४७ मध्ये आणि त्याच्या ऐंशीमध्ये फरक मापाचा आहे, जात एकच.

२६ जानेवारी

जागेची मोजणी. सरळ रस्ता ६९० मीटर. मधले १०० मीटर मोजणीचे. पश्चिमेकडून धावायला २८० मीटर, पूर्वेकडून ३१०. थांबायलाही तेवढंच अंतर उरतं आणि ते लागतं. रिम ब्रेकवर ४५ वरून थांबायला, हात ब्रेककडे जाईपर्यंतचा सेकंद धरून, चाळीस मीटर तरी हवेत.

उतार डोळ्याने कळत नाही. गवंड्याची लेव्हल ट्यूब आणली, १२ मिमीची पारदर्शक नळी, पाण्यात थोडी हळद. (रंग दिसला की दोघांचं वाचन जुळतं. सांगलीत हळदीला तोटा नाही.) नळीत बुडबुडा राहिला तर दोन-चार सेंमीची चूक येते, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं येतं का ते पाहिलं. दहा-दहा मीटरच्या टप्प्यांनी मोजलं: १०० मीटरला ३४ सेंमी, पूर्वेकडे उतार.

०.३४ टक्के किरकोळ वाटतो. पण पूर्ण १ टक्का उतार असता तर १०५ किलोला ४५ च्या वेगात १३० वॉट फुकट मिळाले असते, टायरचा सगळा घर्षणखर्च वसूल. घाटातल्या आकड्यांचं तर बोलायलाच नको. ६ टक्के उतारावर ताठ बसलेला स्वार इंजिन बंद ठेवूनही ४५ च्या आसपास जातो. यवतेश्वरच्या घाटात उतरताना घेतलेला आकडा साताऱ्याच्या डोंगराचा, इंजिनचा नाही.

२ फेब्रुवारी

स्टॉपवॉचने सुरुवात केली आणि सोडून दिली. ४५ ला १०० मीटर म्हणजे बरोबर ८ सेकंद. अंगठ्याची चूक ०.२ सेकंद धरली तरी ताशी एक किमीचा घोळ होतो, आणि एकच माणूस दोन्ही खुणा तिरक्या नजरेने पाहणार असेल तर त्याहून जास्त.

फोनचं जीपीएस सलग वेगाला चांगलं, पण ॲपमधला ‘कमाल वेग’ एका क्षणाचा असतो. शेडच्या पत्र्यावरून सिग्नल परतला की तो क्षण उडी मारतो. जीपीएस वापरायचंच तर सलग पाच सेकंद स्थिर राहिलेला आकडा घ्यावा.

प्रकाशाचे दरवाजे करायचं ठरलं, म्हणजे रस्त्याला आडवा किरण, चाकाने तो तोडला की वेळेची नोंद. तीन दरवाजे: ० मीटर (अ), ५० मीटर (ब), १०० मीटर (क). सामान:

५ व्होल्टचे लाल लेझर मॉड्यूल ३, एलडीआरचे (प्रकाश ओळखणाऱ्या सेन्सरचे) तुलनाकार चिपवाले मॉड्यूल ३, आर्डुइनो उनो (वेळ नोंदणारा, प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) १, दोन पदरी वायर १०० मीटर, १५ सेंमी लांबीचे काळ्या कंड्युट पाइपचे तुकडे ३, लाकडी खुंटे ६, पॉवर बँक ३.

बोर्ड मधल्या खुंट्याजवळ, दोन्हीकडे पन्नास-पन्नास मीटर वायर. किरण जमिनीपासून ३० सेंमीवर, म्हणजे आधी पुढचा टायरच तोडतो. अंतर स्टीलच्या टेपने मोजलं, कापडी टेप ताणला जातो. तसं १०० मीटरला १० सेंमीची चूक म्हणजे हजारात एक, तिथे फार घाम गाळू नये.

९ फेब्रुवारी

पहिला दिवस वाया. काय काय बिघडलं:

पॉवर बँका अर्ध्या मिनिटात बंद पडल्या. लेझर जेमतेम ३० मिलिअँपिअर ओढतो, बँकेला वाटतं फोन काढला. प्रत्येक लेझरला समांतर ४७ ओहम, १ वॉटचा रेझिस्टर लावला. आता शंभरावर मिलिअँपिअर ओढले जातात आणि बँक जागी राहते.

सूर्य वर आला तसे दक्षिणेकडे तोंड असलेले एलडीआर आंधळे झाले. सगळे सेन्सर रस्त्याच्या दक्षिण बाजूला, तोंड उत्तरेला, काळ्या पाइपच्या आत असे फिरवले.

इंजिन सुरू करताच तिन्ही दरवाजे किरण न तुटताच नोंद देऊ लागले. पुन्हा तीच ठिणगी. पन्नास मीटरची वायर म्हणजे झकास अँटेना. वायरचे दोन्ही पदर ड्रिल मशीनला लावून एकमेकांत पिळले, बोर्डाच्या आतल्या पुल-अपवर (पिनचं व्होल्टेज वर धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरवर) न विसंबता बाहेरून १ किलो-ओहम लावला आणि पिनपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला. शांत झालं.

टायरनंतर पाय, पेडल, मागचं चाकही किरण तोडतात. एकदा दरवाजाची नोंद झाली की रिसेट दाबेपर्यंत तो दुर्लक्षित राहील असा बदल प्रोग्रॅममध्ये केला.

एलडीआर मुळात आळशी, अंधार ओळखायला काही मिलिसेकंद घेतो. पण तिन्ही एकाच जातीचे असल्याने उशीर सगळीकडे जवळपास सारखा पडतो आणि वजाबाकीत निघून जातो. आळशी नसलेलं निघालं ते बोर्डाचं घड्याळ. उनोवर क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो. फोनच्या ६०० सेकंदांना बोर्ड ६०२.१ दाखवतो, ०.३५ टक्के पुढे. पुढच्या सगळ्या वेळा तेवढ्या दुरुस्त केलेल्या आहेत.

१६ फेब्रुवारी

सकाळी ६.४० ते ७.३०. वारा नावापुरता. ताजं पेट्रोल, लिटरला ४० मिली टू-स्ट्रोक तेल. हवा ४० पीएसआय. स्वार ताठ, हेल्मेटसह ७६ किलो.

पहिल्या धावेत मुद्दाम १५० मीटरच धाव घेतली. अ ते ब पेक्षा ब ते क ०.२२ सेकंदांनी लवकर. म्हणजे गाडी अजून वेग घेत होती. मधला दरवाजा यासाठीच. दोन्ही अर्ध्यांत ०.०५ सेकंदाहून जास्त फरक असेल तर धाव बाद.

पूर्ण धावेच्या तीन जोड्या (१०० मीटरला सेकंद, आधी पूर्वेकडे, मग परत):

८.४१ / ८.९५ : ४२.८ आणि ४०.२, सरासरी ४१.५
८.४७ / ९.०२ : ४२.५ आणि ३९.९, सरासरी ४१.२
८.३९ / ८.८८ : ४२.९ आणि ४०.५, सरासरी ४१.७

निकाल ४१.५. भागाकार केला की ६,१२५ आरपीएम, टॅकोवर ६,१००. दोन्ही जुळले म्हणजे क्लच घसरत नाही. टॅको जास्त आणि दरवाजे कमी दाखवत असतील तर आधी क्लचच्या पॅडला तेल लागलंय का बघावं.

पूर्वेकडची धाव दर वेळी अडीच किमीने जास्त, जेमतेम एक फूट उतार आणि जाणवत नाही इतक्या वाऱ्याने. एकाच दिशेचा आकडा सांगितला असता तर ‘४३’ झाला असता, आणि तोही कुणी खोटा म्हटला नसता.

४१ च्या वर इंजिन फटफट करत अडतं. प्लग काळा, ओलसर, म्हणजे मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त). कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच वर चढवली (सुई खाली, पेट्रोल कमी). फटफट गेली, वेग वाढला नाही. पण प्लग बिस्किटी झाला, म्हणून क्लिप तिथेच ठेवली. याहून वर चढवू नये. पेट्रोल कमी पडून पिस्टन चिकटला तर वेगाचा प्रश्नच उरत नाही.

२३ फेब्रुवारी

मागे ३६ दाती स्प्रॉकेट. आऱ्यांना रबरी चकत्यांमध्ये दाबून नऊ बोल्टने बसवायचं असतं. बोल्ट ओळीने आवळत गेलं की स्प्रॉकेट डोलतं आणि चेन एका फेऱ्यात ढिली-घट्ट होते. समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळत, फ्रेमला पेन्सिल टेकवून डोल मिलिमीटरच्या आत आणला. चेनचा तुकडा काढावा लागला.

चेन टेन्शनरचा पत्रा फ्रेमच्या गोल नळीवर नुसता आवळलेला असतो, तो फिरून आऱ्यांत गेला की मागचं चाक जागेवर जाम होतं. ४० च्या वेगात हे नको. नळीला आरपार भोक पाडलं तर नळी कमजोर होते. त्याऐवजी पत्र्याखाली जुन्या ट्यूबची पट्टी दिली आणि पत्र्याचं दुसरं टोक चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला) क्लॅम्पने बांधून टाकलं.

२ मार्च

तेच वजन, तीच हवा, तीच वेळ. ३६ दाती.

७.४७ / ७.९० : ४६.९
७.५२ / ७.८६ : ४६.८
७.४४ / ७.९७ : ४६.८

निकाल ४६.८. नुसत्या दात्यांच्या गुणोत्तराने ४१.५ चे ५०.७ व्हायला हवे होते. झाले नाहीत, कारण इंजिन आता ५,६५० वरच अडलं. ४४ दात्यांवर फेऱ्या संपत होत्या, ३६ वर ताकद संपते. वरच्या हिशेबाने चाकावर ८६० वॉट, सव्वा अश्वशक्तीच्याही आत. ‘लहान स्प्रॉकेट लावलं, आता साठ’ हा दावा इथेच पडतो. ३२ दाती लावून वेग वाढेलच असं नाही, घटूही शकतो, आणि चढावर पेडल मारत बसावं लागेल.

छाती टाकीवर टेकवून एक जोडी: ४९.१. आकडा खरा आहे, पण वेगळ्या रकान्यात. ताठ बसलेल्या आकड्याशी त्याची सरासरी काढायची नाही.

९ मार्च

बॅटरीची गाडी.

चाक हवेत, बॅटरी ४१.६ व्होल्ट: ३३.१. दुकानातला ‘४०’ याच रीतीने येत असावा, वर डिस्प्लेच्या सेटिंगची भर. या डिस्प्लेत चाक २६ ऐवजी २९ इंच टाकलेलं सापडलं, म्हणजे प्रत्येक आकडा साडेअकरा टक्के फुगलेला. ३३.१ चे तिथे ३६.९ दिसतात.

यातली गंमत अशी की वेगमर्यादाही हाच डिस्प्लेचा आकडा बघून लागते. २९ वर ठेवलं तर डिस्प्लेवर २५ दिसताच मोटर आवरते, तेव्हा खरा वेग असतो २२.४. फुशारकीसाठी सेटिंग बदलणाऱ्याची गाडी खरोखर हळू धावते.

सेटिंग २६ केलं. जमिनीवर, दोन्ही दिशांची सरासरी, पेडल न मारता:

मर्यादा चालू: २४.३
मर्यादेची वायर सोडून, बॅटरी ४१.२ व्होल्ट: २६.४
मर्यादेची वायर सोडून, बॅटरी ३५.४ व्होल्ट: २२.८

मर्यादा काढून दोन किमी मिळाले, तेही बॅटरी भरलेली असेपर्यंत, आणि गाडी कायद्याच्या सवलतीतून बाहेर. वायर परत जोडली. बॅटरीच्या गाडीचा वेग व्होल्टेजशिवाय सांगण्यात अर्थ नाही. भरलेल्या आणि उतरलेल्या बॅटरीतला फरक इथे साडेतीन किमीचा आहे.

१६ मार्च

उशीर झाला, धावा साडेदहाला. पश्चिमेचा वारा सुटला होता. ३६ दाती: पूर्वेकडे ५३.३, परत ३९.६. सरासरी ४६.४ येते, २ मार्चच्या जवळ. तरीही बाद. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे जोरदार वाऱ्यात दोन दिशांची सरासरी घेऊनही चूक पूर्ण फिटत नाही. आकडा जुळला म्हणून ठेवला तर पुढच्या वेळी न जुळणारा बाद करायला तोंड राहत नाही. नियम: दोन दिशांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर जोडी रद्द, ठेवणीतला आकडा आवडता असो की नावडता.

आणि ५३.३ चा फोटो कुणालाही पाठवायचा नाही.

यापुढे वेग लिहायचा तो या ओळीतच, एक रकाना जरी रिकामा असला तरी आकडा ‘अंदाज’ या वहीत:

गाडी | मोजलेले सीसी किंवा बॅटरीचे व्होल्ट | पुढचे/मागचे दाते | मोजलेला परिघ | एकूण वजन | बसण्याची ढब | उतार | दोन्ही दिशांच्या वेळा | सरासरी | हिशेबाने आरपीएम | टॅकोवर आरपीएम

पहिली भरलेली ओळ: पेट्रोल | ६९.४ | १०/३६ | २.०३७ | १०५ किलो | ताठ | ०.३४ टक्के | ७.४७/७.९० | ४६.९ | ५,६६० | ५,६५०

२३ मार्च

माधवनगरहून एकजण स्वतःची गाडी घेऊन येतोय, दावा ६५. फोनवर विचारलं: मागे ४४ दाती. साडेनऊ हजार आरपीएम लागतील. दरवाजे सहा वाजता लावायचे, टॅको आधी दोन-स्ट्रोकवर आहे का ते पाहायचं, तिसऱ्या लेझरची पॉवर बँक रात्री चार्जिंगला.